‘चिरंजीव’ डडलियाचे अस्तित्व संकटात

वनौषधींच्या ऱ्हासाची चर्चा आपल्या व्यवसायात नेहमी होते. परंतु एखादी वनस्पती नाहीशी कशी होते आणि सावरण्यास तिला किती काळ लागतो, याचा वृत्तान्त क्वचितच वाचावयास मिळतो. कॅलिफोर्नियाच्या सागरतीरावरील डडलिया या वनस्पतीचा असा वृत्तान्त उपलब्ध आहे. ती पर्णबीजाच्या, अर्थात पानफुटीच्या कुलातील असल्याने तो वैद्यवर्गापुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

डडलिया समुद्राकाठच्या कड्यांवर, खडकांच्या फटींत वाढते. तिची मांसल पाने कमलदलांप्रमाणे चक्राकार रचलेली असून अनेक जातींत त्यांवर पांढरट मेणचट पूड असते. पानांत साठविलेल्या पाण्यावर ती कोरडा उन्हाळा निभावते, म्हणूनच तिकडील लोकांनी तिला ‘चिरंजीव’ अशा अर्थाचे नाव दिले आहे. मात्र पानफुटीचे पान मातीवर पडताच त्याच्या कडांना अंकुर फुटतात, तशी सुलभता येथे सहसा नाही. वाढही अत्यंत मंद असते.

या वंशातील डडलिया ट्रास्किए ही जात केवळ सांता बार्बरा या सुमारे अडीच चौरस किलोमीटरच्या बेटावर आढळते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथे शेती व मेंढीपालन झाले. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ससे सोडण्यात आले. पाण्याने भरलेली ही पाने सशांना आयतेच खाद्य ठरली. 1959 च्या वणव्याने उरलेसुरले आच्छादनही जळाले. 1970 च्या सुमारास ही जात नामशेष झाली असे मानले गेले. परंतु 1975 मध्ये दुर्गम कड्यांवर काही रोपे सापडली. 1978 मध्ये तिला कायद्याचे संरक्षण मिळाले, त्यानंतर सशांचे उच्चाटन झाले आणि रोपांची संख्या हळूहळू वाढू लागली.

ससे गेले, तरी मनुष्याचा लोभ राहिला. मुख्य भूमीच्या किनाऱ्यावरील डडलिया फारिनोसा या जातीला शोभेचे रोप म्हणून पूर्व आशियात मोठी किंमत येऊ लागली. 2018 मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातील सरकारी उद्यानांतून उपटलेली 3,715 रोपे एकाच प्रकरणात जप्त झाली. प्रमुख आरोपीस 2022 मध्ये दोन वर्षांचा कारावास झाला. तत्पूर्वी 2021 मध्ये कॅलिफोर्नियाने डडलियाच्या रक्षणार्थ स्वतंत्र कायदाही केला. कड्यांवरील जुनी रोपेच प्रथम उपटली जातात; त्यामुळे बीज देणारी पिढीच नष्ट होते.

आमच्या मते या प्रकरणाचा मथितार्थ आपल्याशी थेट निगडित आहे. जटामांसी व कुटकी यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार 1997 पासून नियंत्रित आहे, तरी या द्रव्यांचा पुरवठा अद्याप बव्हंशी वन्य संकलनावरच अवलंबून आहे. त्यांतही मूळ अथवा भूमिगत कांड काढले जाते. म्हणजे रोपच संपते. चरकसंहितेच्या कल्पस्थानात द्रव्यसंग्रहाचा काल आणि संग्राहकाचे आचरण यांचा विचार केलेला आहे. त्या शिस्तीत आज आणखी एका प्रश्नाची भर घालणे आवश्यक आहे : हे द्रव्य लागवडीतून आले की रानातून?

खरेदीच्या वेळी प्रत्येक वैद्याने हा प्रश्न आपल्या पुरवठादारास विचारावा, लागवडीच्या मालाला प्राधान्य द्यावे आणि शक्य तेथे शास्त्रसंमत प्रतिनिधी द्रव्याचा अवलंब करावा, अशी आमची विनंती आहे. बेटावरील डडलिया कड्यांच्या दुर्गमतेमुळे वाचली. आपल्या वनौषधींपर्यंत तर वाटा केव्हाच पोहोचल्या आहेत.