डिसेंबरच्या निकालांची मेरिट लिस्ट होत नाही

अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांचे ‘अर्ली’ निकाल डिसेंबरच्या मध्याला लागू लागले, की न्यू जर्सीपासून पुण्यापर्यंत अनेक मराठी घरांना एकच कोडे पडते. मुलगी तीच, गुण तेच, निबंधही जवळपास तोच. मग एकीकडे होकार, दुसरीकडे नकार आणि तिसरीकडे ‘डिफर’, म्हणजे निर्णय नियमित फेरीपर्यंत लांबणीवर, कसे? जेईई आणि सीईटीच्या सवयीने आपण धरून चालतो की कुठेतरी एकच गुणवत्ता यादी आहे आणि प्रत्येक कॉलेज तिच्यावर आपल्या कटऑफची रेघ ओढते. तसे असते, तर वरच्या रेघेपलीकडे गेलेली मुलगी खालच्या रेघेशी अडलीच नसती. पण अशी यादी नाही. प्रत्येक विद्यापीठ स्वतःचा वर्ग भरत असते, आणि त्या वर्गाच्या गरजा वेगळ्या असतात. नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपल हिल विद्यापीठाने १९८६ पासून दशकानुदशके परराज्यांतून आणि परदेशांतून येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना १८ टक्क्यांची मर्यादा ठेवली. म्हणजे त्याच राज्यातल्या कॅरी गावातली मुलगी आणि तिचा न्यू जर्सीतल्या एडिसनचा मावसभाऊ एकाच विद्यापीठाला अर्ज करत असले, तरी त्यांची स्पर्धा एक नाही. पुण्याहून शिष्यवृत्ती मागणाऱ्याची तर आणखीच निराळी. परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक गरज न पाहता निर्णय घेणारी विद्यापीठे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकीच. बहुतेक ठिकाणी मदतीची मागणी हाही निर्णयातला एक घटक असतो.

‘डिफर म्हणजे गोड शब्दांतला नकार’ हा समज अर्धाच खरा आहे. एमआयटीकडे २०२३ च्या हिवाळ्यात १२,५६३ अर्ली अर्ज आले. ६६१ जणांना प्रवेश मिळाला आणि ८,०५१ अर्ज पुढच्या फेरीत ढकलले गेले. म्हणजे दर तिघांतले जवळपास दोघे डिफर. इतक्या सरसकट दिलेल्या उत्तरात कौतुक शोधणे व्यर्थ, आणि अपमान शोधणेही. याउलट स्टॅनफर्ड अर्ली अर्जदारांपैकी बहुतेकांना तेव्हाच अंतिम उत्तर देऊन मोकळे होते. त्यामुळे स्टॅनफर्डचा नकार आणि एमआयटीचे डिफर शेजारी ठेवून ‘हिचे तिच्यापेक्षा बरे’ म्हणण्यात अर्थ नाही. तिथे फरक मुलींमधला असेलच असे नाही. दोन कार्यालयांच्या रिवाजांमधला मात्र नक्की आहे.

सर्वांत हट्टी समज टक्केवारीचा. हार्वर्डने त्याच वर्षी ७,९२१ अर्ली अर्जदारांपैकी ६९२ जणांना घेतले, म्हणजे जवळपास पावणेनऊ टक्के. दोन्ही फेऱ्या धरून एकूण प्रमाण मात्र ३.६ टक्के. यावरून ‘अर्ली अर्ज केला की संधी दुपटीहून अधिक’ असे गणित मांडले जाते. त्यात एक मेख आहे. हार्वर्डविरुद्धच्या ज्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला, त्यातून बाहेर आलेल्या आधीच्या सहा वर्षांच्या आकड्यांचा अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला. प्रशिक्षकांनी निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्क्यांना, माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांशांना प्रवेश मिळत होता. माजी विद्यार्थ्यांशी नाते नसलेल्यांपैकी सुमारे सहा टक्क्यांना. खेळाडूंची आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांची गर्दी अर्लीतच जास्त, म्हणून अर्लीची टक्केवारी फुगते. यावर कोणी म्हणेल, मग अर्लीचा फायदा निव्वळ भ्रम का? तसेही नाही. अ‍ॅव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउसर यांनी २००३ च्या पुस्तकात पाच लाखांहून अधिक अर्जांच्या आधारे दाखवले, की बाकी सगळे सारखे धरूनही अर्ली अर्जाचा लाभ एसएटीच्या सुमारे शंभर गुणांइतका असतो. आकडा जुना आहे, पण बंधनकारक ‘अर्ली डिसिजन’मागचे कारण आजही तेच: येणारच अशी हमी देणारा विद्यार्थी वसतिगृहाचे आणि अंदाजपत्रकाचे गणित सोपे करतो. ‘आमची मुलगी जास्त हुशार होती, ती येणार नाही असे धरून क्रमवारी सांभाळायला नाकारली’ या समजालाही याच हमीच्या गणिताचा आधार देतात. पण ‘यू.एस. न्यूज’ने क्रमवारीतून निवड झालेल्यांपैकी प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचे प्रमाण २००३ मध्ये आणि निवडीची टक्केवारी २०१८ मध्ये वगळली, त्यामुळे या संशयामागचा क्रमवारीचा हेतू तरी उरलेला नाही.

हे सगळे नकार पचवण्यासाठी काढलेले सांत्वन आहे, असा आक्षेप येईल. सांत्वन असते तर ते फक्त नकाराला लागू पडले असते. हा तर्क होकारालाही तितकाच लागू आहे: डिसेंबरात एका नामांकित ठिकाणी निवड झाली म्हणून मार्चअखेरीस दुसरे दार उघडेलच असे नाही. आणि सगळे काही नशीबच, असाही याचा अर्थ नाही. निम्म्याहून अधिक अर्जदारांना घेणाऱ्या विद्यापीठानेही नकार दिला, तर ती खरी माहिती आहे. निवडलेला विषय तिथे फार गर्दीचा होता का, अर्जात काही राहिले का, यादी वरच्या टोकालाच झुकली आहे का, हे तेव्हा तपासावे. नियमित फेरीची आणि दुसऱ्या अर्ली डिसिजनची मुदत बहुधा जानेवारीच्या सुरुवातीलाच असते, म्हणजे हाती पंधरवडाच उरतो. डिफर झालेल्यांनी मध्यवर्षीचे गुण पाठवावेत. विद्यापीठ स्वीकारत असेल तर नव्या घडामोडींचे एक छोटे पत्रही. दर आठवड्याला पत्रे पाठवू नयेत.