ऑडिट झाले, म्हणजे नेमके काय झाले?

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत एखादा नगरसेवक अनुदानाचा हिशेब मागतो. "त्याचे ऑडिट झालेले आहे," एवढे उत्तर मिळते आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. त्याच ऑडिटची बातमी झाली की मथळा येतो "कोट्यवधींचा घोटाळा", मग आठवडाभर चौकात दुसरे बोलणे नसते. एका ठिकाणी लेखापरीक्षणाला निर्दोषत्वाचा दाखला मानले जाते, दुसऱ्या ठिकाणी आरोपपत्र. प्रत्यक्ष अहवाल मात्र फार थोडे लोक वाचतात. लहान शहराला हे परवडणारे नाही, कारण तिथली पाण्याची टाकी, गटार, घनकचऱ्याची गाडी बहुतेक वेळा सरकारी अनुदानातूनच येते.

अनुदान पालिकेच्या खात्यात आले की ते पालिकेचे, गरज असेल तिथे वापरावे, हा सर्वांत रुळलेला समज. काही अनुदानांत तशी थोडीफार मोकळीक असते, पण बहुतेक पैसा हेतू ठरवूनच पाठवलेला असतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी दशलक्षी शहरांखेरीज इतर शहरांना दिलेला निधी पाहा. त्यातला ४० टक्के भाग अबंधित होता, तरी त्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च भागवायला मनाई होती. उरलेल्या ६० टक्क्यांतला निम्मा पिण्याच्या पाण्याशी निगडित कामांना आणि निम्मा स्वच्छता व घनकचऱ्याला बांधलेला होता. आता पाण्यासाठी आलेल्या रकमेतून कुणी पथदिव्यांचे थकलेले वीजबिल भरले, तर एक रुपयाही कुणाच्या खिशात गेलेला नसताना लेखापरीक्षक निधी वळवल्याचा आक्षेप घेतो. अनेक मुख्याधिकाऱ्यांना हा जाच वाटतो. मला तो आक्षेप रास्त वाटतो. दिवे सुरू राहिले हे सगळ्यांना दिसते, पण ज्या वस्तीची जलवाहिनी पुढे ढकलली गेली तिला तो निर्णय कधी झाला हे कळतसुद्धा नाही.

याच्याच जोडीला उपयोगिता प्रमाणपत्राबद्दलचा गैरसमज आहे. "यूसी गेले, म्हणजे पैसे खर्च झाले" असे कार्यालयातही सर्रास बोलले जाते. पण हे प्रमाणपत्र पैसे घेणारी संस्था स्वतःच देते. दुसऱ्या यंत्रणेकडे ठेव म्हणून वर्ग केलेली रक्कम किंवा मक्तेदाराला दिलेली आगाऊ रक्कम मार्चअखेर खर्चात दाखवली जाते आणि कामाची जागा मोकळीच असते. म्हणून जाणता लेखापरीक्षक प्रमाणपत्र बाजूला ठेवून अनुदान नोंदवही, कॅशबुक आणि बँकेचे विवरण शेजारी शेजारी मांडतो. पैसा कधी आला, किती दिवस पडून राहिला, त्यावरचे व्याज कुठे गेले, हे तिथे उघड होते. न वापरता परत गेलेला निधी हासुद्धा आक्षेपाचा विषय आहे. "आमच्याकडे एक पैसा खाल्ला गेला नाही" हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही.

तपासणी कशी चालते हे एका बिलावरून समजते. समजा एका प्रभागातल्या काँक्रीट गटाराचे अंतिम देयक समोर आहे. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश हा क्रम आधी पाहिला जातो. कार्यारंभ आदेशाच्या आधीच्या तारखेचे मोजमाप सापडले, तर काम आधी उरकून कागद मागाहून तयार झाल्याचा संशय येतो. एकाच रस्त्याकडेच्या गटाराचे चार तुकडे करून चार कामे दाखवली असतील, तर ई-निविदेची मर्यादा चुकवण्यासाठी तसे केले का, हे विचारले जाते. मग मोजमाप पुस्तिका, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली एमबी. लांबी, रुंदी, खोली, मोजणाऱ्या अभियंत्याची सही, तारीख. काँक्रीटच्या ठोकळ्यांची ताकद २८ दिवसांनी तपासतात. भरावानंतर दहाव्या दिवशीच २८ दिवसांच्या चाचणीचा अहवाल जोडून बिल निघाले असेल, तर तो कागद आपोआप बोलतो. शेवटी देयकातून बांधकाम कामगारांचा १ टक्का उपकर, जीएसटीची २ टक्के उद्गम कपात, वाळू-खडीचे स्वामित्वधन कापले की नाही, हे पाहतात. इतके सगळे पाहूनही लेखापरीक्षक प्रत्येक गटारात उतरून फीत लावत नाही. तो प्रामुख्याने कागद तपासतो, तेही निवडक.

त्यामुळे "ऑडिट क्लीन आहे, म्हणजे चोरी नाही" ही समजूत सर्वांत महागात पडते. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात डिक्सन नावाचे सुमारे १६ हजार वस्तीचे शहर आहे. तिथल्या हिशेब विभागाची प्रमुख रीटा क्रंडवेल हिने १९९० मध्ये शहराच्या नावाशी मिळतेजुळते एक गुप्त बँक खाते उघडले. राज्य सरकारच्या नावाची खोटी बिले बनवून ती शहराचा पैसा त्या खात्यात वळवत राहिली आणि त्यावर जातिवंत घोडे पाळत राहिली. शहराची तिजोरी नेहमी तंग का, असे कुणी विचारले की राज्याकडून पैसे उशिरा येतात, असे ती सांगे. दरवर्षी लेखापरीक्षण होत होते आणि पारही पडत होते. २०११ मध्ये ती लांबच्या रजेवर असताना तिची जागा सांभाळणाऱ्या सहकारी महिलेने बँकेकडून सर्व खात्यांची विवरणे मागवली, तेव्हा ते खाते उघडकीला आले. तोवर सुमारे ५ कोटी ३७ लाख डॉलर गेले होते. क्रंडवेलला २०१३ मध्ये १९ वर्षे ७ महिन्यांची शिक्षा झाली. लेखापरीक्षक संस्था आणि बँक यांच्याकडून तडजोडीत शहराला सुमारे ४ कोटी डॉलर परत मिळाले.

पैसे घेणे, खर्च करणे, नोंदवणे आणि बँकेशी ताळमेळ घालणे ही चारही कामे एकाच हाती होती, म्हणून हे वीस वर्षे चालले. आपल्या लहान नगरपरिषदांत कर्मचारी मोजकेच असतात आणि योजनागणिक वेगळे बँक खाते असते. तिथे बँक ताळमेळ पत्रक महिनोन् महिने रखडले असेल, तर अहवालातल्या इतर कुठल्याही आक्षेपापेक्षा त्या एका ओळीची मी जास्त काळजी करेन.

"कॅग बघेलच" असेही म्हटले जाते. महाराष्ट्रात नगरपरिषदांचे मूळ लेखापरीक्षण राज्याच्या वित्त विभागाखालचे स्थानिक निधी लेखापरीक्षा संचालनालय करते. त्याचा आधार १९३० चा स्थानिक निधी लेखापरीक्षा कायदा. कॅगच्या १९७१ च्या कायद्यातले कलम १४ अनुदानावर चालणाऱ्या संस्थांना लागू होते, पण अनुदान किमान २५ लाख आणि एकूण खर्चाच्या किमान ७५ टक्के असेल तेव्हा. एरवी कॅगचा मुख्य वाटा तांत्रिक मार्गदर्शनाचा.

आता उलट बाजूचा गैरसमज. आक्षेप म्हणजे घोटाळा नव्हे. तपासणी चालू असताना लेखापरीक्षक अर्धसमास पत्र देतो. त्यात प्रश्न असतो, आणि उत्तरासाठी जागा असते. प्रमाणक सापडत नाही, सही राहिली, मान्यतेचा ठराव जोडलेला नाही, अशा बाबी उत्तर मिळाल्यावर तिथेच मिटतात. उरतात त्या अहवालात परिच्छेद होऊन जातात. त्यातही आक्षेपाधीन रक्कम आणि वसूलपात्र रक्कम वेगळ्या. पहिलीत खर्चाचा पुरावा अपुरा असतो, दुसरीत जादा दिलेला पैसा कुणाकडून तरी परत घ्यायचा असतो. बातमीत दोन्हींची बेरीज करून आकडा फुगवला, की खऱ्या दोषी माणसालाही "हे सगळे राजकारण आहे" म्हणायला जागा मिळते. बेकायदा खर्च किंवा घोर निष्काळजीपणाने झालेले नुकसान संबंधितांवर अधिभार लावून वसूल करण्याची तरतूद १९३० च्याच कायद्यात आहे. पण तिथपर्यंत जायचे तर अनुपालन व्हावे लागते. अहवालाला उत्तर जात नाही, परिच्छेद पुढच्या वर्षीच्या अहवालात जसाच्या तसा येतो, अधिकारी बदलून जातो. दोष हुडकण्यापेक्षा त्याचा पाठपुरावा करण्यात आपली व्यवस्था जास्त कमी पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून अहवाल हाती आला तर आधी शेवटची प्रलंबित परिच्छेदांची यादी पाहावी. दहा वर्षांपूर्वीचे परिच्छेद तिथे दिसले, तर नगराध्यक्षांना कोणता प्रश्न विचारायचा हे वेगळे शोधावे लागत नाही.

आणि हा अहवाल गोपनीय असतो, ही समजूत तर पूर्णच चुकीची. पंधराव्या वित्त आयोगाने लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन उपलब्ध करणे ही अनुदान मिळण्याचीच अट केली होती. माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर अहवाल, अनुपालन आणि एमबीच्या प्रती मागता येतात. त्या कायद्याच्या कलम २ मध्ये माहितीच्या अधिकाराची जी व्याख्या आहे, तिच्यात कागदांबरोबर कामाची प्रत्यक्ष पाहणी आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेणेही येते. लेखापरीक्षकाने न मोजलेले गटार प्रभागातला कुणीही नागरिक एमबीची प्रत हातात घेऊन स्वतः मोजू शकतो.