खिडकीआडून खाटेपाशी

अमेरिकेतल्या फार्मासिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने १९५२ साली एक आचारसंहिता मंजूर केली. तिच्यातले एक कलम आज वाचताना नवल वाटते. चिठ्ठीवरच्या औषधात काय आहे आणि ते शरीरात काय करते, याविषयी फार्मासिस्टाने रुग्णाशी बोलायचे नाही. रुग्णाने विचारलेच तर त्याला डॉक्टरांकडे जायला सांगायचे. औषधांचे शिक्षण घेतलेल्या माणसानेच औषधांबद्दल गप्प बसायचे! १९६९ मध्ये नवी संहिता आली तेव्हा कुठे हे कलम गेले.

पण संहिता बदलण्याची वाट न पाहणारी माणसे सगळीकडे असतात. व्हर्जिनियातल्या बेरीव्हिल या छोट्या गावात युजीन व्हाइट नावाच्या फार्मासिस्टाने १९६० मध्ये आपल्या दुकानातला किरकोळ विक्रीचा माल काढून टाकला. दुकानाला त्याने सल्ला देण्याच्या जागेचे रूप दिले आणि गिऱ्हाइकांच्या औषधांची कुटुंबवार नोंदपत्रे ठेवायला सुरुवात केली. कोणाला कशाची ॲलर्जी आहे, कोण कोणत्या गोळ्या आधीपासून घेत आहे, हे पाहूनच नवे औषध हाती द्यायचे, असा त्याचा शिरस्ता होता. आज हे साधे वाटते. आपल्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये अशी नोंद किती जणांची सापडेल, याचा विचार केला की त्याचे मोल कळते.

रुग्णालयातला बदल सुरू झाला तो सॅन फ्रान्सिस्कोत. तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात सप्टेंबर १९६६ मध्ये नवव्या मजल्यावर, शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या वॉर्डातच, एक छोटे औषधालय थाटण्यात आले. ते चोवीस तास उघडे असे. तोपर्यंत रुग्णालयाचा फार्मासिस्ट तळघरात किंवा खिडकीआड असायचा. वरून मागणीपत्र यायचे, खालून औषध जायचे आणि रुग्णाचे तोंडही त्याला दिसायचे नाही. नवव्या मजल्यावर मात्र तो डॉक्टर आणि सिस्टर यांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. केसपेपर त्याच्या हाताशी आले आणि औषधाचा गुण येतो आहे की अवगुण, हे त्याला डोळ्यांनी दिसू लागले. डॉक्टरांचे प्रश्नही जागच्या जागी येऊ लागले. सलाइनमध्ये ही दोन औषधे एकत्र चालतील का? मूत्रपिंड अधू असताना मात्रा किती ठेवायची? या प्रयोगामागच्या प्राध्यापकांपैकी जेरे गोयन पुढे १९७९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले फार्मासिस्ट.

तिथून क्लिनिकल फार्मसी ही शाखा उभी राहिली. औषध बनवणे आणि विकणे यापलीकडचे हे काम. विशिष्ट रुग्णाला विशिष्ट औषध त्याच्या वयाला, वजनाला, मूत्रपिंडाला, यकृताला आणि चालू असलेल्या बाकीच्या औषधांना जुळते की नाही, हे रोज तपासायचे आणि जुळत नसेल तर वेळेत बोलायचे. १९९० मध्ये चार्ल्स हेपलर आणि लिंडा स्ट्रँड यांनी एका गाजलेल्या निबंधात याहून पुढची मागणी केली. औषधोपचाराचा रुग्णाला जो परिणाम मिळेल, त्याची जबाबदारीही फार्मासिस्टाने उचलावी, असे त्यांचे म्हणणे होते.

हे काम नेमके कसे चालते, ते उदाहरणांतूनच समजते. हृदयाची झडप बदललेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन द्यावे लागते. त्याला क्षयरोग झाला की रिफाम्पिसिन सुरू होते. रिफाम्पिसिनमुळे यकृतातली विकरे जोमाने कामाला लागतात आणि वॉरफेरिन भराभर मोडून टाकतात. रक्त पुन्हा गोठू लागते, म्हणून डॉक्टर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, तपासत वॉरफेरिनची मात्रा वाढवत नेतात. इथवर सारे सहसा ठीक चालते. खरा धोका सहा महिन्यांनी असतो. क्षयाची औषधे संपतात, घरात आनंद होतो आणि वॉरफेरिनची वाढवलेली मात्रा मात्र तशीच चालू राहते. पुढच्या काही आठवड्यांत विकरे मूळपदावर येतात, रक्त अति पातळ होते आणि मेंदूत किंवा आतड्यात रक्तस्राव होऊ शकतो. क्षयाचे डॉक्टर वेगळे, हृदयाचे वेगळे. दोन्ही चिठ्ठ्या एकत्र ठेवून तारखांवर नजर ठेवणारे कोणीतरी लागते.

मेथोट्रेक्सेटचे उदाहरण तर जगभरच्या रुग्णालयांना ठाऊक आहे. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. लिहिण्यात किंवा समजण्यात चूक झाली आणि ती रोज घेतली गेली, तर अस्थिमज्जा निकामी होऊन माणूस दगावू शकतो. फिट्सवरचे फेनिटॉइन वेगळ्या तऱ्हेने अवघड आहे. एका मर्यादेनंतर ते पचवण्याची यकृताची क्षमता संपते. त्यामुळे मात्रा थोडीशी वाढवली तरी रक्तातले प्रमाण एकदम चढते; रुग्ण झोकांड्या देऊ लागतो आणि घरच्यांना वाटते, आजार बळावला. तेच औषध नाकातल्या नळीवाटे द्रवाहाराबरोबर दिले, तर उलट घडते. ते नीट शोषले जात नाही आणि फिट्स परततात. अझाथायोप्रिन घेणाऱ्या रुग्णाला युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल जोडले, तर पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटू शकतात. ही माहिती पुस्तकांत आहेच. पण चाळीस रुग्णांच्या राउंडमध्ये घड्याळाशी झुंजणाऱ्या निवासी डॉक्टरला ती त्या क्षणी आठवायला हवी ना!

याची दुसरी बाजू पैशाची आहे. लिनेझोलिड, लेव्होफ्लॉक्सॅसिन, फ्लुकोनॅझोल, मेट्रोनिडॅझोल ही औषधे पोटातून इतकी चांगली शोषली जातात, की गिळू शकणाऱ्या आणि सुधारत असलेल्या बहुतेक रुग्णांना सुईऐवजी गोळी चालते. गोळीने खर्च कमी होतो, शिरेतली सुई लवकर निघते, तिच्यामुळे होणारा संसर्ग टळतो आणि रुग्ण लवकर घरी जातो. कोणत्या दिवशी सुईवरून गोळीवर यायचे, हे ठरवण्यासाठी रोज फाइल पाहणारा माणूस हवा. खिशातून पैसे भरणाऱ्या आपल्या रुग्णांसाठी ही सेवा चैनीची नव्हे, अगदी गरजेची आहे.

फार्मासिस्ट राउंडला आल्याने खरेच फरक पडतो का? या प्रश्नाचे सर्वांत ठसठशीत उत्तर १९९९ मध्ये आले. डॉ. लुसियन लीप आणि सहकाऱ्यांनी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या एका अतिदक्षता विभागात एक ज्येष्ठ फार्मासिस्ट सकाळच्या राउंडला जोडून दिला. औषध लिहिताना झालेल्या चुकांतून उद्भवणाऱ्या, टाळता येण्याजोग्या दुष्परिणामांचे प्रमाण दर हजार रुग्णदिवसांमागे १०.४ होते, ते ३.५ वर आले. म्हणजे ६६ टक्क्यांची घट. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या विभागात अशी घट झाली नाही. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे. फार्मासिस्टाने केलेल्या ३६६ सूचनांपैकी ३६२ डॉक्टरांनी मान्य केल्या. फार्मासिस्टाने तोंड उघडले की डॉक्टरांचा अहंकार दुखावेल, ही भीती आपल्याकडे आजही बोलून दाखवली जाते. त्या भीतीला हा आकडा पुरेसे उत्तर देतो. औषध लिहिले जात असतानाच, आदबीने आणि कारणासह सांगितले, तर डॉक्टर ऐकतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी हानी रोखण्यासाठी जगभर मोहीम जाहीर केली. औषधविषयक चुकांची किंमत वर्षाला ४२ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज तेव्हा मांडला गेला होता.

भारतात फार्मसीचे शिक्षण बनारस हिंदू विद्यापीठात १९३२ मध्ये प्रा. महादेव लाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने सुरू झाले. देशाला औषधे बनवायची होती, म्हणून ते शिक्षण कारखान्याकडे वळले आणि त्याचे फळही मिळाले. १९४८ चा फार्मसी कायदा आला. त्याने नोंदणीकृत फार्मासिस्टालाच औषध देण्याचा अधिकार दिला. वॉर्डाशी मात्र अभ्यासक्रमाचा संबंध फारसा आला नाही. ही उणीव भरून काढण्याची पद्धतशीर सुरुवात १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात म्हैसूरला झाली. तिथल्या जेएसएस फार्मसी महाविद्यालयाने ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या रिपॅट्रिएशन जनरल हॉस्पिटलच्या सहकार्याने पदव्युत्तर शिक्षण सुरू केले आणि विद्यार्थी रुग्णालयात राउंडला जाऊ लागले. जी. पार्थसारथी, कॅरिन नायफोर्ट-हॅन्सन आणि मिलाप नहाता यांनी संपादित केलेले या विषयाचे पाठ्यपुस्तक याच घडामोडींतून पुढे आले आणि भारतभर वापरले गेले.

२००८ मध्ये फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने फार्म-डी अभ्यासक्रम आणला. पाच वर्षे शिक्षण, सहावे वर्ष रुग्णालयात उमेदवारी, आणि महाविद्यालयाला किमान ३०० खाटांच्या रुग्णालयाची जोड असण्याची अट. महाराष्ट्रातही, पुण्याच्या पूना कॉलेज ऑफ फार्मसीसारख्या संस्थांमध्ये, तो सुरू झाला. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने तर औषध देताना रुग्णाला त्याबद्दल समजावून सांगणे हे फार्मासिस्टाचे कर्तव्यच ठरवले. १९५२ च्या त्या अमेरिकी कलमाच्या नेमके उलट! कागदावर आपण बरेच पुढे आलो आहोत.

भारतातला बाजार या कामाला आणखी अवघड करतो. एकाच औषधाची डझनावारी ब्रँडनावे आणि वेगवेगळ्या औषधांची सारखी वाटणारी नावे. सर्वोच्च न्यायालयापुढे २००१ मध्ये कॅडिला हेल्थकेअर विरुद्ध कॅडिला फार्मास्युटिकल्स हा खटला आला. ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ ही दोन्ही हिवतापावरची औषधे, पण आतले घटक वेगळे. औषधांच्या बाबतीत नावातला घोळ जिवावर बेतू शकतो, म्हणून इथे इतर मालापेक्षा कडक निकष लावावा, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पण दुकानातल्या फळीवर नजर ठेवायला न्यायालय येणार नाही. तिथे शिकलेला फार्मासिस्ट जागेवर हवा. महेश झगडे महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी दुकानात फार्मासिस्टाची हजेरी आणि चिठ्ठीविना विक्रीला बंदी, या कायद्यातल्याच गोष्टींचा आग्रह धरला. विक्रेत्यांच्या संघटना त्याविरुद्ध उभ्या ठाकल्या. कायद्याने अनिवार्य केलेली हजेरीही झगडून मिळवावी लागते, हे त्या काळात राज्याने पाहिले.

उमेद वाटावी अशी कामेही महाराष्ट्रात झाली आहेत. इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनने मुंबईतल्या खाजगी औषध दुकानांना क्षयरोगाच्या डॉट्स उपचारात सामील करून घेतले. रुग्ण घराजवळच्या दुकानात येऊन फार्मासिस्टासमोर गोळ्या घेऊ लागले. प्रा. मंजिरी घरत यांच्यासारख्या अभ्यासकांनी औषधसाक्षरतेवर मराठीतून सातत्याने लिहिले. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. त्याच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णही तक्रार नोंदवू शकतात. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांतल्या नोंदणी केंद्रांवर फार्मसीचे पदवीधर काम करतात.

अडते ते पदापाशी. सहाव्या वर्षी हे विद्यार्थी वॉर्डात हिंडतात, डिस्चार्जच्या वेळी रुग्णाला इन्सुलिनचे पेन आणि दम्याचा पंप कसा वापरायचा ते शिकवतात, फाइलींतल्या चुका हेरतात. वर्ष संपले की त्यांच्यासाठी मोठ्या खाजगी रुग्णालयांत, विशेषतः गुणवत्तेचे मानांकन घेणाऱ्यांत, थोड्या जागा असतात. सरकारी रुग्णालयात फार्मासिस्ट म्हणजे अजूनही प्रामुख्याने साठा आणि खिडकी सांभाळणारा कर्मचारी. मग यांतले अनेक जण परदेशी औषधकंपन्यांसाठी दुष्परिणामांचे अहवाल संगणकावर हाताळणाऱ्या कंपन्यांत जातात, काही थेट परदेश गाठतात. ब्रिटनने २००६ पासून विशेष प्रशिक्षण घेतलेल्या फार्मासिस्टांना स्वतंत्रपणे औषध लिहिण्याचा अधिकार दिला आहे. आपण मात्र सहा वर्षे शिकवून त्यांना वॉर्डाबाहेर पाठवतो.

सुरुवात प्रत्येक खाटेपासून करायची गरज नाही. अतिदक्षता विभाग, डायलिसिस, कर्करोगाचा वॉर्ड आणि डिस्चार्जचे टेबल या चार ठिकाणी औषधांची चूक सर्वांत महागात पडते. राज्याच्या प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात या चार जागांसाठी क्लिनिकल फार्मासिस्टाची पदे मंजूर व्हावीत. त्यांना केसपेपरवर सूचना लिहिण्याचा अधिकार असावा, आणि किती सूचना केल्या, किती मानल्या गेल्या, याची नोंद दरमहा रुग्णालयाच्या औषध समितीपुढे यावी. बोस्टनमध्येही सुरुवात एका विभागातून, एका फार्मासिस्टापासूनच झाली होती.