अंगठ्याचें काम तर्जनीकडे

एकलव्याची कथा आमच्या वाचकांपैकीं कोणास ठाऊक नाहीं? परंतु तिचा एक भाग बहुधा सांगावयाचा राहून जातो. उजव्या हाताचा अंगठा गुरूस अर्पण केल्यावर एकलव्यानें धनुष्य टाकून दिलें नाहीं. तो बोटांनीं प्रत्यंचा ओढूं लागला. मात्र पूर्वींची शीघ्रता त्यास पुन्हा लाभली नाहीं, असें आदिपर्वांत स्पष्ट म्हटलें आहे. हा प्रसंग आम्हांस आठवण्याचें कारण अगदींच आधुनिक आहे. आमचा एक पुतण्या कॅनडांतील क्यूबेक प्रांतांत पुष्कळ वर्षें राहतो. त्यानें गेल्या हिवाळ्यांत आपल्या बर्फावर चालणाऱ्या गाडीचा, म्हणजे स्नोमोबिलचा, थ्रॉटल अंगठ्याकडून काढून तर्जनीकडे दिला व त्या खटाटोपाची हकीकत आम्हांस सविस्तर लिहिली. ज्यांचीं मुलें-नातवंडें आज अशा हिमप्रदेशांत आहेत, त्यांस ती उपयोगी पडावी.

ही गाडी म्हणजे श्रीमंतांचें खेळणें, अशी इकडे समजूत आहे. ती पुरती खरी नाहीं. १९३४ च्या हिवाळ्यांत क्यूबेकमधील व्हॅलकूर गांवच्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिये नामक तरुण यांत्रिकाचा दोन वर्षांचा मुलगा दगावला. रस्ते बर्फानें बुजल्यामुळें त्यास इस्पितळांत नेतां आलें नाहीं. बर्फावर चालेल अशा वाहनाचे प्रयोग तो त्यापूर्वींपासूनच करीत होता; पुढें १९३७ मध्यें पट्टा फिरविणाऱ्या दांतेरी चाकाच्या रचनेचें पेटंट त्यास मिळालें, आणि सात माणसें बसतील अशा गाड्या त्यानें बांधल्या. आजची हलकी, एकदोघांनीं घोड्यासारखी बसून हांकण्याची ‘स्की-डू’ गाडी त्याच्याच कारखान्यांतून १९५९ मध्यें बाहेर पडली.

तिची रचना सोपी आहे. पुढें दोन घसरपट्ट्या, मागें रबराचा फिरता पट्टा. डाव्या मुठीपाशीं ब्रेक. उजव्या मुठीपाशीं एक लहानशी तरफ. ती अंगठ्यानें दाबली कीं तार ओढली जाते, कार्बुरेटरचें द्वार उघडतें व गाडी धांवूं लागते. सोडली कीं स्प्रिंगच्या जोरानें द्वार आपोआप मिटतें. मोटारसायकलीप्रमाणें पिळावयाची मूठ येथें कां नाहीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, खळग्यावर गाडी उसळली व स्वार मागें फेंकला गेला, तर तो मूठ अधिकच घट्ट धरतो, मनगट आपोआप पिळलें जातें, आणि नेमक्या नको त्या क्षणीं वेग वाढतो. अंगठ्याची तरफ असली म्हणजे चार बोटें हॅंडल धरून राहतात आणि वेगाचें काम पांचव्याकडे निराळें राहतें. शिवाय तिकडील कडाक्याच्या थंडींत जे जाड लोंकरी मोजे हातांत घालतात, त्यांत चार बोटें एका पिशवींत व अंगठा तेवढा वेगळा असतो. ज्यानें ही योजना केली त्यानें हाताचा विचार चांगलाच केला होता, असें आमचें मत आहे.

तथापि ह्याच अंगठ्यावर दिवसभर भार पडतो. अंगठ्याच्या मुळाशीं जो सांधा आहे तो खोगिराच्या आकाराचा असून, त्यामुळेंच अंगठा सर्व बाजूंस वळतो. पण झिजही तेथेंच लवकर होते. चिमटींत एक किलोचा दाब दिला तर ह्या सांध्यावर त्याच्या सुमारे १२ पट दाब येतो, असें गणित शास्त्रज्ञांनीं मांडलें आहे. उतारवयांत, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक, हा सांधा दुखूं लागतो. जुन्या गाडीस दोनतीन कार्बुरेटर असले तर तितक्याच स्प्रिंगांचा विरोध अंगठ्यास एकट्यानें सोसावा लागतो. आमच्या पुतण्याची पन्नाशी उलटली आहे. दोन तास गाडी चालविल्यावर त्यास रात्रीं चहाचा पेला उचलवेना, आणि हिवाळ्यांतील हें एक सुख सोडावें लागणार असें त्यास वाटूं लागलें.

प्रथम त्यानें लहान उपाय केले, हें योग्यच झालें. तार स्वच्छ केली, हॅंडलचा कोन बदलला, अंगठ्याची तरफ थोडी लांब करून पाहिली. तरफ लांब तर श्रम कमी, हा नियम तर आम्ही शाळेंत वर्षानुवर्षें फळ्यावर काढून दाखविला आहे. स्प्रिंग मात्र त्यानें हलकी केली नाहीं. बर्फानें द्वार चिकटलें असतां तें बंद करणारी शक्ति तीच.

इतक्यानें भागेना, तेव्हां तर्जनीची तरफ बसविली. हल्लींच्या कांहीं गाड्यांत, जेथें तारेऐवजीं विजेच्या संकेतावर काम चालतें, तेथें तीच तरफ फिरवून बोटाकडे घेतां येते. जुन्या गाडींत सबंध घर बदलावें लागतें, आणि खरी मेख तेथें आहे. कित्येक गाड्यांच्या अंगठ्याच्या तरफेंत एक सुरक्षेचा स्विच दडलेला असतो; तार अडकली व द्वार मिटलें नाहीं तर तो इंजिन बंद पाडतो. नव्या तरफेंत ही सोय राहिली नाहीं, तर दुखरा अंगठा वांचवितांना जीव धोक्यांत घातल्यासारखें होईल. तार बसविल्यावर इंजिन बंद ठेवून हॅंडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवावें व दोन्ही वेळां तरफ सोडून ती झटकन् परत येते कीं नाहीं तें पाहावें. तार आंखूड पडली तर हॅंडल वळतांच गाडी आपण होऊन पळूं लागते. हें काम जाणत्या कारागिराकडूनच करवावें.

वेदना गेली, हें खरें. पण पहिल्याच आठवड्यांत एका उंचवट्यावर पुतण्या मागें झुकला, बोटें संवयीनें आवळलीं गेलीं, आणि गाडी झुडपांत शिरली. दोरी मनगटास बांधलेली असल्यानें ती सुटतांच इंजिन थांबलें. इजा झाली नाहीं. मोटारसायकलीच्या मुठीचा जो दोष वर सांगितला, तो तर्जनीच्या तरफेस पुरता चुकलेला नाहीं. दाबावयाचें बोट आणि धरावयाचीं बोटें एकाच बाजूस येतात. आतां तो एकटी तर्जनी सैल ठेवून उरलेल्या तिघांनीं व अंगठ्यानें मूठ धरतो. सपाट, राखलेल्या वाटांवर हें जमतें. क्यूबेकमध्यें अशा वाटा ३०,००० किलोमीटरांहून अधिक आहेत. रानांतील खाचखळग्यांत, उड्या मारीत जाणाऱ्यांनीं अंगठाच बरा. ज्यांस दोन्ही प्रकारें फिरणारी तरफ मिळेल त्यांनीं कांहीं वेळ एकाकडून, कांहीं वेळ दुसऱ्याकडून काम घ्यावें. आमच्या मतें ह्याहून चांगला तोडगा नाहीं.

आणखी दोन गोष्टी. अंगठ्याची तरफ विजेनें ऊब देणारी असते. तर्जनीच्या साध्या तरफेस ती ऊब नसते, आणि वेगळी तर्जनी असलेले मोजे जुन्या मोज्यांइतके उबदार नसतात. दुसरी गोष्ट एकत्र कुटुंबाची. घरांतील मुलगा, सून किंवा पाहुणा ती गाडी मागेल तेव्हां किल्ली देण्यापूर्वीं तरफ बदलल्याचें सांगावें, व अंगणांतच दोन फेऱ्या मारावयास लावाव्या. त्यांचा अंगठा जुनी तरफ शोधीत राहील, आणि बोटें नव्या तरफेवर अजाणतां आवळलीं जातील.