उन्हाळी, विरजण आणि जंतूचं नाव

आज बोलायचंय ते आपण चारचौघींत बोलत नाही अशा दुखण्याबद्दल. लघवीला जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं, ओटीपोट दुखतं. आपण म्हणतो, "उन्हाळी लागली." मग धने-जिऱ्याचं पाणी पितो. तेवढ्यानं भागलं नाही, तर कुणाला तरी सांगून मेडिकलमधून गोळ्या आणवतो.

आमच्या गटातल्या एका ताईंनी हेच केलं. त्या ऊसतोडीला जातात. फडात आडोसा नाही, म्हणून पाणी कमी प्यायचं आणि लघवी दाबून धरायची, ही रोजची रीत. चार महिन्यांत तीनदा त्यांनी तीच गोळी घेतली. दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या डब्यात, पुढच्या वेळेसाठी. चौथ्यांदा मात्र थंडी वाजून ताप भरला, पाठीत कळा यायला लागल्या. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. दवाखान्यात राहावं लागलं, गटातून सहा हजारांची उचल घ्यावी लागली, मजुरी बुडाली ती वेगळीच. तिथे लघवीचं कल्चर केलं. रिपोर्टात जंतूचं नाव होतं, आणि ताईंच्या त्या नेहमीच्या गोळीपुढे 'आर' असं अक्षर होतं. म्हणजे त्या जंतूवर ती गोळी चालतच नव्हती.

मी बी.ए. झालेली, डॉक्टर नाही. पण तो रिपोर्ट घेऊन मी लॅबमधल्या ताईंना विचारत बसले. त्यांनी जे समजावलं, ते आज तुम्हाला सांगते.

लघवीची साधी तपासणी वेगळी आणि कल्चर वेगळं. साध्या तपासणीत पेशी दिसतात, साखर कळते, संसर्ग असावा असा अंदाज येतो. पण जंतू कोणता, हे त्यात कळत नाही. ते कल्चरमध्ये कळतं.

कल्चर म्हणजे काय? आपण कोमट दुधाला चमचाभर विरजण लावतो. रात्रभरात त्या चमच्यातले जंतू वाढतात आणि सकाळी घट्ट दही होतं. लॅबमध्येही असंच विरजण लावतात. लघवीचा अगदी छोटा थेंब जंतूंच्या खाद्यावर पसरतात आणि ती बशी अंगाच्या उबेइतक्या, म्हणजे ३७ अंश उष्णतेत ठेवतात. एक जंतू डोळ्यांना दिसत नाही. पण एकाचे दोन, दोनाचे चार होत दुसऱ्या दिवशी त्याचा ठिपका दिसायला लागतो.

ते खाद्य घट्ट ठेवायची युक्ती एका बाईच्या स्वयंपाकघरातून आली आहे बरं का! जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिलेटिनवर जंतू वाढवत, पण उन्हाळ्यात ते वितळून जाई. तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस घरी जेली करताना समुद्री शेवाळापासून मिळणारं अगर वापरायच्या. ते उन्हाळ्यातही वितळत नसे. त्यांनी ते सुचवलं १८८१ साली. आज जगभरच्या लॅबमध्ये तेच अगर वापरतात.

ठिपके उगवले की ओळखपरेड सुरू होते. ठिपक्याचा रंग कसा, आकार कसा, कोणत्या खाद्यावर वाढला हे बघतात. थोडे जंतू काचेवर घेऊन रंगवतात. काही जंतू जांभळे राहतात, काही गुलाबी दिसतात. ही रीत १८८४ साली ग्राम नावाच्या डॉक्टरांनी काढली, म्हणून रिपोर्टात 'ग्राम निगेटिव्ह' असे शब्द येतात. बायकांच्या लघवीत बहुतेक वेळा सापडतो तो ई. कोलाय. तो आपल्याच आतड्यात राहतो. तिथे त्याचा त्रास नसतो, लघवीच्या मार्गात शिरला की दुखणं होतं.

मग जंतू नव्या बशीवर पसरून त्यावर औषधांच्या छोट्या चकत्या ठेवतात. जे औषध चालतं, त्याच्या चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ गोल रिंगण पडतं. रिपोर्टात 'एस' म्हणजे औषध लागू, 'आर' म्हणजे जंतू दाद देत नाही. या सगळ्याला दोन-तीन दिवस लागतात. कोणतं औषध द्यायचं, ते डॉक्टरच ठरवणार.

पहिल्यांदाच साधी उन्हाळी लागली, तर दरवेळी कल्चर लागतंच असं नाही. पण त्रास परत परत होत असेल, दिवस गेले असतील, मधुमेह असेल, तर डॉक्टरांना जरूर विचारा. थंडी-ताप, पाठदुखी, उलट्या असतील, तर घरी थांबूच नका. डॉक्टर नमुना घेऊन लगेच औषध सुरू करतात आणि रिपोर्ट आल्यावर गरज पडली तर बदलतात. कल्चर कुठे होतं, ते आशाताईंना विचारा.

नमुना द्यायची रीत लक्षात ठेवा. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी नमुना द्या, नाहीतर बशीत काही उगवणार नाही. लॅबमधून मिळालेली बंद डबीच वापरा, घरची बाटली नको. हात आणि लघवीची जागा साध्या पाण्यानं धुवा. सुरुवातीची थोडी लघवी जाऊ द्या, मधली डबीत धरा. डबीला आतून बोट लावू नका. दोन तासांच्या आत पोचवा. पाळी चालू असेल तर तसं सांगा, त्यात लाजायचं काही नाही.

आता शेवटचं. सावित्रीबाई फुले शिकवायचं शिक्षण घ्यायला आपल्या नगरला मिस फॅरार यांच्याकडे आल्या होत्या. पुढे पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. प्लेगचा जंतू तीनच वर्षांपूर्वी, १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. रोग कशानं होतो ते कळलं होतं, पण तो जंतू मारणारी गोळी तेव्हा जगात कुठेच नव्हती. आज जंतू ओळखताही येतो आणि गोळ्याही आहेत. अंदाजानं घेऊन, अर्ध्यावर सोडून आपणच त्या निकामी करायला लागलो, तर कसं व्हायचं?

म्हणून आज घरी गेल्यावर डबा उघडा. अर्धवट उरलेल्या गोळ्यांची पाकिटं किती निघतात, ते मोजा आणि पुढच्या बैठकीत सांगा. आमच्या गटात बारा घरांतून सतरा निघाली, त्यात चार माझ्या घरातली. ती कुणाला देऊ नका, पुन्हा घेऊ नका. आणि डॉक्टरांनी दिलेला कोर्स बरं वाटलं तरी पुरा करा.