गुटगुटीत पोर आणि घरातली साखर



युरिया जादा झाला की ऊस नुसता माजतो, लोळतो आणि उतारा घटतो, हे आपणांस सांगायला नको. लेकरांचंही तसंच आहे. ‘खात्यापित्या घरचं पोर’ म्हणून कौतुक होतं. पण वाजवीपेक्षा जादा वजन पुढे मधुमेह, रक्तदाबाला वाट करून देतं.

साखर आपल्याच घामाची. तरी खरं ते सांगितलंच पाहिजे. वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी, ५ टक्क्यांच्या आत असल्यास उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचविले. गूळ, मध आणि रसही त्यातच धरतात. रसवंतीच्या एका मोठ्या ग्लासात २५ ग्रॅमहून अधिक साखर असते. ५ टक्क्यांच्या हिशेबाने मुलाचा दिवसाचा वाटा तिथेच संपला!

मग शाकाहारी घरात द्यावं काय? सकाळी चहा-बिस्किटांऐवजी मुगाचं धिरडं आणि दही. जेवणात मटकीची घट्ट उसळ किंवा पिठलं, भरपूर पालेभाजी, काकडी. भाकरी एक, भाताची मूद लहान. शाळेतून आल्यावर मूठभर फुटाणे आणि बिनसाखरेचं ताक.

मात्र भाकरी पार तोडू नये, पोराला उपाशी ठेवू नये. वाढीचं वय आहे. वजन तेवढंच राहून उंची वाढली तरी पुष्कळदा काम भागतं. आधी डॉक्टरांना दाखवून घ्यावे.

आणि त्याचं एकट्याचं ताट वेगळं काढू नका. सुरुवात आपल्याच बशीतल्या चहापासून करावी.