कंपनी चांगली, हे ओळखावे कशावरून?

विश्रांतवाडीतील माझ्या दवाखान्यात खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले आजोबा येतात आणि खराडीच्या आयटी कंपनीत जाणारे नातूही. दोघांनाही मी कामाविषयी विचारतो. झोप, जेवण, रक्तदाब यांची बरीचशी हकिकत तेथेच कळते.

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील कुंडलजवळ, निवडुंग माजलेल्या माळावर कारखाना उभारला. यंत्रांच्या बरोबरीने तेथे कामगारांची घरे आली, शाळा आली. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांनाही त्यांनी कामावर घेऊन राखणदारी सोपविली. येरवड्याच्या कारागृहाशेजारी राहणाऱ्या आपणांस या धाडसाचे मोल वेगळे सांगायला नको. टाटांच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ साली, भविष्यनिर्वाह निधी १९२० साली आणि ग्रॅच्युइटी १९३७ साली सुरू झाली. ग्रॅच्युइटीचा देशव्यापी कायदा मात्र १९७२ साली आला. दोन्ही उद्योग शंभरी ओलांडून उभे आहेत. ते केवळ चांगुलपणामुळे, असे मी म्हणणार नाही; लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगरही उत्तम होता!

पगार महत्त्वाचा आहेच. परंतु लंडनच्या सरकारी नोकरांवर १९६७ पासून झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासांत असे आढळले, की वरिष्ठांपेक्षा खालच्या पायरीवरील नोकर हृदयविकाराने अधिक दगावत. धूम्रपान, रक्तदाब ही कारणे होतीच. पण आपल्या कामावर आपला ताबा नसणे, हेही एक कारण पुढे दिसून आले. म्हणून मुलाला वा सुनेला पॅकेज विचारून झाल्यावर आणखी थोडे विचारावे. जेवण वेळेवर होते का? साहेबांना ‘हे जमणार नाही’ असे सांगता येते का? घरी कुणी आजारी पडल्यास रजा कुरकुरीविना मिळते का?

आता एक व्यवहाराची गोष्ट. अनेक मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्याच्या आईवडिलांनाही गटविम्यात सामावून घेतात. ही मोठीच सोय आहे. परंतु नोकरी सुटली, की ते छत्र बहुधा तेव्हाच संपते. त्या भरवशावर आपला जुना आरोग्यविमा बंद करू नका. सत्तरीत नवा घेताना हप्ता जड जातो आणि आधीपासूनच्या आजारांसाठी काही काळ थांबावे लागते. मुलाकडून कंपनीच्या विम्याचे कागद मागवून घ्या, आईवडिलांसाठी किती रकमेचे संरक्षण आहे ते पाहा आणि दोन्ही विम्यांचे क्रमांक घरातील फोनजवळ ठळक अक्षरांत लिहून ठेवा.